भिंतीची हजेरी

आमच्या विद्यापीठानं शंभर वर्षांत बाकी काय शिकवलं याबद्दल मतभेद असतील, पण चुना लावायला मात्र प्रत्येकाला शिकवलं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. म्हणजे थोडं थट्टेनंच म्हणते, पण खरं आहे.

शिरटेकडीला १९४९ साली कॉलेज निघालं तेव्हा इमारत म्हणजे टेकडीवरचं एक लांबलचक सभागृह आणि दोन पडव्या. रंगारी बोलवायची ऐपत नव्हती. मग संस्थापक प्राचार्यांनी युक्ती काढली. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी जाण्याआधी सभागृहाच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून चुन्याचा एक हात मारायचा. चुन्यात बाभळीचा डिंक आणि मूठभर मीठ घालायचं, म्हणजे भिंतीला टेकलं तर पाठ पांढरी होत नाही. आता मुलं म्हटली की कामाला टांग मारणारच. म्हणून काम झालं की ओल्या भिंतीसमोर सगळ्यांना उभं करून प्राचार्य स्वतः हजेरी घेत. तोंडं भिंतीकडे, कारण कुठला कोपरा राहिलाय तो ज्याचा त्याला दिसावा. जो ‘हजर’ म्हणाला त्यानं मांडवात येऊन पदवी घ्यायची आणि त्याचं नाव माजी विद्यार्थ्यांत लागायचं. जो आलाच नाही त्याची पदवी टपालानं घरी.

हीच भिंतीची हजेरी. कॉलेजचं विद्यापीठ झालं, प्राचार्यांच्या जागी कुलगुरू आले, पण शिरटेकडी लहानच राहिली आणि प्रथा टिकली. मधल्या एका कुलगुरूंनी तीन-चार वर्षं भिंतीला ऑइलपेंट मारून घेतला होता. त्यांचं नाव मी घेत नाही.

मी केतकी माळवदे, इथल्या माजी विद्यार्थी कक्षाची प्रमुख. माझ्या कक्षात मला मागं ‘सासूबाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. नोंदीत खोटं चालायचं नाही, एवढंच माझं म्हणणं असतं. एकदा एका मंत्र्यांच्या माणसानं, साहेबांना तुमच्याच विद्यापीठाचे करून घ्या, असं सुचवलं. मी त्याला चहा पाजला आणि साहेबांसाठी प्रथम वर्षाचा प्रवेश अर्ज हातात दिला.

पण सासूबाईंच्या घरात धान्यच नव्हतं. माझ्या आधीच्या साहेबांनी सगळ्या जुन्या नोंदी स्कॅन करून घेतल्या आणि आता कागदाचं काय काम म्हणून ते रद्दीत घातले. स्कॅन ज्या कंपनीकडे ठेवले होते ती कंपनी पुढं गाशा गुंडाळून गेली. शंभरी तोंडावर आली तेव्हा जुन्या काळी इथं कोण शिकलं हे सांगायला आमच्याकडे चिटोरंही उरलं नव्हतं. लोकांचे फोन यायचे. कुणाला परदेशी जायला बापाच्या शिक्षणाची खात्री हवी असायची, कुणाला नुसतंच आजी इथं शिकली होती का ते हवं असायचं. मी सगळ्यांना “बघते” म्हणायची. आणि ती सगळी नावं रोज माझ्या पाठीशी होती, कारण माझं टेबल त्याच सभागृहात, त्याच भिंतीला लागून. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

ते उघडकीला आणलं डॉ. नसीमा अत्तारनं. ती पदार्थविज्ञान विभागातली. चुन्याचं वय काढायला म्हणून ती तिचं यंत्र घेऊन आली, आणि भिंतीनं तिला खोकून दाखवलं. खरंच. सापडलेला पहिला आवाज कुणाच्या तरी खोकल्याचा होता. नसीमानं तो मला ऐकवला तेव्हा मी नकळत मागं वळून पाहिलं.

त्यामागचं शास्त्र तिनं मला समजावलं ते असं. भिंतीला लावलेला चुना नुसता वाळत नाही, तो हवेतला कर्बवायू ओढून घेऊन पुन्हा दगड होतो. एप्रिलच्या तापल्या वाऱ्यात ओल्या भिंतीवर वाळण्याची एक कड तयार होते आणि ती डावीकडून उजवीकडे सावकाश सरकते, दोरीवर टाकलेल्या लुगड्यावर सरकते तशी. त्या कडेवर दगडाचे कण जागा धरत असतात. नेमकी त्याच वेळी समोर माणसं भिंतीकडे तोंड करून बोलत असली, तर आवाजाच्या थरथरीनं ते कण किंचित तिरपे बसतात आणि डिंक त्यांना तसंच धरून ठेवतो. कड पुढं सरकते आणि मागं आवाज राहतो. म्हणजे गेलेली वेळ भिंतीवर अंतर होऊन पडून असते. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा हात, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. अशा थरावर थर चढलेल्या बॅचेस, मिळून जाडी बोटाच्या पेराएवढी.

“मग वाच की सगळे,” मी म्हटलं.

“वाचते. पण एक थर एकदाच वाचता येतो,” नसीमा म्हणाली. “माझा किरण त्याला ऊब देतो. कण सरळ होतात, आणि सरळ होताना कुठं कलले होते ते सांगून जातात. मग तो थर मुका. आणि अजून एक आहे. थर सोसेल एवढीच ऊब देता येते. ती सगळ्या आवाजांत वाटायची की एकावरच ओतायची, हे आधी ठरवावं लागतं.”

मला कळेना. तेव्हा तिनं जेवणाचा डबा उघडून दाखवल्यासारखं सांगितलं. वाटीभर तूप पंगतीला वाढलं तर प्रत्येकाच्या भातावर थेंब पडतो. एकाच पानावर वाढलं तर ते पान न्हाऊन निघतं, बाकीचे कोरडे. यंत्र ‘सर्व’वर लावलं तर प्रत्येक नाव, प्रत्येक शब्द कळतो, पण आवाज ओळखू येत नाहीत, सगळे एकसारखे होऊन येतात. ‘एक’वर लावलं तर एकच माणूस समोर उभं राहून बोलल्यासारखं ऐकू येतं आणि बाकीचे कायमचे जातात. त्या एकासाठी किल्ली लागते, म्हणजे त्या माणसाचा किंवा त्याच्या रक्तातल्या जवळच्या कुणाचा आवाज.

विद्यापीठाला नावं हवी होती. कुलसचिवांनी ‘सर्व’ असा शेरा मारला आणि आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागलो.

त्या दुपारी मी कधी विसरणार नाही. टेकडी रिकामी. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे भिंतीवर यायचे आणि त्यांतून किरणाचा तांबूस ठिपका मुंगीच्या चालीनं पुढं सरकायचा. आणि आवाज यायचे. सगळे पिठाच्या चाळणीतून गाळल्यासारखे मऊ, ना बाईचे ना पुरुषाचे. नाव, ‘हजर’. नाव, ‘हजर’. मधेच बादलीची कडी वाजायची. कुठल्या तरी वर्षी क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती आणि विकेट पडल्यावर अख्खी बॅच हळहळली. कुठल्या तरी वर्षी एक कोकीळ मन लावून ओरडत होता आणि त्याच्यापायी गुरुजींना दोन नावं पुन्हा घ्यावी लागली. माणसं गेली, घरं बदलली, तो कोकीळ कुठला असायला? पण त्याचं ओरडणं आमच्या भिंतीत होतं. ऐकता ऐकता माझी पापणी जड व्हायची आणि मग मी झोपेत ऐकतेय की जागेपणी, हे कळायचं नाही.

एक खोड मात्र होती. भिंतीच्या मधोमध फार वर्षांपूर्वी कुणी तरी विजेच्या बोर्डासाठी खळगा केला होता, सगळ्या थरांतून आरपार. ठिपका तिथं पोचला की आवाज बंद. दर बॅचची काही नावं तो बोर्ड गिळायचा. कोणती, ते त्या वर्षी वारा किती होता आणि गुरुजी किती भरभर नावं घेत होते त्यावर. कधी जाधव जायचे, कधी पाटील. आम्ही हसायचो.

अठ्ठ्याऐंशीची बॅच जवळ आली तसं माझं हसू गेलं. त्या बॅचमध्ये माझी आई होती.

माझी आई मंदाकिनी, माहेरची बोधे. ती दीड वर्षापूर्वी गेली. पण तिचा आवाज त्याच्या खूप आधी गेला होता. मी अकरा वर्षांची असताना तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. त्याआधी कित्येक महिने तिचा आवाज बसलेला होता. कुणी विचारलं की ती म्हणायची, “जरा सर्दी झालीय.” अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर विश्वास ठेवला. नंतर ती पाटीवर लिहून बोलायची. भूगोलाची शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं. भांडायची तेही पाटीवरच, आणि आपलं म्हणणं लिहून झालं की अण्णांनी उत्तर द्यायच्या आत पुसून टाकायची. तिच्या आवाजाची एकही टेप, एकही व्हिडिओ आमच्याकडे नाही. तेव्हा कुणाला वाटलं होतं की लागेल!

“स्वप्नात येते ती,” अण्णा मला सांगायचे. “ओठ हलतात. मी म्हणतो, मोठ्यानं बोल की गं, मला ऐकू येत नाही. मग ती हसते.”

अण्णा म्हणजे सर्जेराव माळवदे, वय ऐंशीच्या पुढं. त्याच बॅचचे. पण ते त्या हजेरीला नव्हते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. जेवायला पाहुणे आले की आमटीबरोबर ती गोष्ट वाढली जायचीच. त्या दिवशी ते कबड्डीचा सामना खेळायला बोरगावला गेले होते. परत येऊन बघतात तर माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नाव लागलेलं!

“प्राचार्यांनी खेळाला मान दिला,” अण्णा छाती काढून सांगायचे. “गैरहजर माणसाला हजर धरला. असे गुरू होते तेव्हा.”

आणि पुढं, मांडवात गाऊनच्या रांगेत उभे असताना एक मुलगी मागं वळून त्यांना म्हणाली होती, “माळवदे ना तुम्ही? आलात म्हणजे.” तीच माझी आई. तोवर दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. ही गोष्ट चालू असताना आई दर वेळी हसायची. आवाज नसल्यामुळे तिचे नुसते खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. अण्णांना वाटायचं, गोष्टच तशी रंगवून सांगतो आपण.

तर त्या थरात आई होती, एकवीस वर्षांची, आवाजासकट. साऱ्या जगात तिचा आवाज उरला असेल तर तेवढ्याच जागी. आणि किल्ली माझ्याच गळ्यात होती. फोनवर मी बोलले की आईच्या मैत्रिणी अजून दचकतात.

मी नसीमाला विचारलं.

“तू प्रमुख आहेस,” ती म्हणाली. “तू सांगशील तसं लावते. फक्त शेरा तुझा तू बदल.”

सासूबाईंनी शेरा बदलला. ‘सर्व’ खोडून ‘एक’ लिहिलं. बाकीच्यांची नावं मी दुसरीकडून शोधून काढीन, असं मी स्वतःला बजावलं. दुसरीकडे कुठं काही नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण मला माझ्या बापाचं ते स्वप्न बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही आई ऐकायची होती. तिचं रागावणं मला आठवतं, शब्द न् शब्द आठवतो. आवाज आठवत नाही.

भाऊबीज होऊन गेली होती. सकाळी मी अण्णांना घेऊन सभागृहात आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीला कापलं होतं. त्यांना वेताच्या खुर्चीत बसवून मी सगळं समजावून सांगितलं. तूप, पंगत, किल्ली.

ते भिंतीकडे वळले.

“बाकीच्यांचं काय होणार म्हणालीस?”

“जातील, अण्णा.”

“म्हणजे आवटी जाणार?”

“हो.”

“रशीद तांबोळी? त्याच्या सायकलवर डबलसीट यायचो मी.” ते बोटं मोजू लागले. “शोभा पाटील. लता भोकरे, ती लवकर गेली बिचारी, पोरं लहान होती. चौगुल्याचा नातू मागं तुझ्याकडेच आला होता ना गं, आजोबांचं काही सापडतंय का म्हणून?”

आला होता. मी त्याला “बघते” म्हटलं होतं.

“केतू, मी त्या दिवशी इथं नव्हतो,” अण्णा म्हणाले. “ते सगळे होते. उकाड्यात उभे राहिले, चुना लावला, हजर म्हणाले. आणि मी, जो आलोच नव्हतो, तो आता त्यांना पुसून टाकू?”

“अण्णा, आईचा आवाज पुन्हा मिळणार नाही. कधीच नाही.”

“कळतंय मला.”

“स्वप्नात तरी—”

“स्वप्नाचं माझं मी बघतो. सगळ्यांचं लाव.” मग नसीमाकडे वळून म्हणाले, “लावा हो मॅडम. पंगत मोडू नये.”

मला त्यांचा राग आला, अगदी रडू येण्याइतका राग आला. पण मी शेरा पुन्हा बदलला.

ठिपका भिंतीच्या डाव्या कडेला पेटला. आधी नुसतं वारं ऐकू आलं. मग कुंचले बादलीत बुचकळल्याचा आवाज, कुणाच्या तरी बांगड्या, खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न. अण्णांनी डोळे मिटले.

‘आवटी प्रभाकर.’ ‘हजर.’

‘इंगवले सुमन.’ ‘हजर.’

प्रत्येक नावाला अण्णांचे ओठ हलत होते. चौगुले हजर होता. तांबोळी हजर होता, आणि वर कुणाला तरी हळूच “सरक की” म्हणत होता. अण्णा खुदकन हसले. द झाले, न झाले. ठिपका बोर्डाच्या दिशेनं सरकत होता आणि मी मनात म्हणत होते, भरभर घ्या, गुरुजी, भरभर नावं घ्या. पण गुरुजींना घाई नव्हती.

‘पाटील शोभा.’ ‘हजर.’

आणि आवाज बंद पडला.

ठिपका खळग्यावरून सरकत राहिला. तेवढा वेळ सभागृहात पाकोळ्यांचा फडफडाट तेवढा होता. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. खुर्चीच्या हातावरची त्यांची मूठ मात्र आवळत गेली. खळगा संपला.

‘भोकरे लता.’ ‘हजर.’

पाटील आणि भोकरे यांच्या मधे बोधे. बोर्डानं आईला गिळलं होतं. तिचं नाव, तिचं ‘हजर’, चाळणीतून आलेलं का होईना, आमच्या वाट्याला आलं नाही. मी नसीमाकडे पाहिलं. ती यंत्र थांबवायला उठली.

“असू द्या,” अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. “बाकीच्यांचं होऊ द्या.”

‘माळवदे सर्जेराव.’

उत्तर नाही. वाऱ्याचा आवाज.

‘माळवदे सर्जेराव! आहे का गेला?’

कुणी तरी फिसकन हसलं. कुणी तरी पुटपुटलं, ‘बोरगाव, कबड्डी.’

‘तिसऱ्यांदा घेतो. माळवदे.’

मग भिंतीतून, बाकी सगळ्यांसारखाच मऊ, पिठूळ आवाज आला. ‘हजर, सर.’ आणि त्यालाच लागून, घाईघाईनं, ‘जरा सर्दी झालीय.’

सगळी बॅच हसली. ते हसणं लाटेसारखं भिंतीवरून उजवीकडे गेलं. ते ओसरेपर्यंत प्राचार्य थांबले असावेत. मग म्हणाले, ‘बरं. काढा घे.’ आणि पुढचं नाव घेतलं.

अण्णांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, भिंतीकडे पाहिलं.

“मंदा,” ते म्हणाले.

हजेरी पुढं चालू होती, मोरे, यमगर, रोकडे, आणि अण्णा खुर्चीत पुढं झुकून हळूहळू हसायला लागले. आधी खांदे हलले. मग डोळ्यांतून पाणी. आवाज नाही. अगदी आई हसायची तसे.

“जन्मभर,” ते शेवटी म्हणाले. “जन्मभर मी लोकांना प्राचार्यांची थोरवी सांगत होतो. आणि ही समोर बसून वरण वाढत होती! माझं नाव हिला कसं ठाऊक, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.”

मग त्यांचा चेहरा बदलला. “मला वाटायचं, ते सर्दीचं ती मला फसवायला म्हणाली. दुखणं लपवायला. मी त्या शब्दावर इतकी वर्षं चिडून होतो, केतू. स्वतःवर चिडून होतो. आणि ती तर तो शब्द माझ्यासाठी पहिल्यांदा बोलली होती.”

नसीमा यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. “एक सांगू का? आपण ‘एक’वर लावलं असतं तर हे हाती लागलंच नसतं. त्यांनी आवाज पुरुषासारखा जाड केलाय. तुझी किल्ली त्याला लागलीच नसती. सगळा थर मुका गेला असता.”

मी पायरीवर जाऊन बसले. नाव लागलं म्हणून अण्णा मांडवात आले. मांडवात आले म्हणून रांगेत उभे राहिले, आणि रांगेत ‘आलात म्हणजे’ झालं. नसतं लागलं तर पदवी टपालानं घरी गेली असती आणि मी कुठंच नसते. नोंदीत खोटं चालायचं नाही म्हणून मिरवणारी मी, एका खोट्या हजेरीपोटी जन्माला आले होते. आईनं हे मला कधी पाटीवर लिहून दाखवलं नाही. माझा स्वभाव ती ओळखून असणार.

आता एक गुंता उरला. भिंतीवरून नवी नोंद करायची तर नियम सरळ होता, ज्याचं ‘हजर’ सापडेल त्याचं नाव लागेल. म्हणजे जे हजेरीला गेलेच नव्हते त्या अण्णांचं नाव लागलं. आणि जी उकाड्यात उभी राहून दोघांची हजेरी देऊन आली, तिचं नाही. बोर्डानं गिळलेल्यांसाठी मीच एक तोड काढली होती. त्यांनी शंभरीच्या दिवशी नव्या चुन्यासमोर उभं राहून ‘हजर’ म्हणावं, की नाव लागलं. कुलसचिवांनी त्यावर सही केली होती. जे हयात नाहीत त्यांच्यासाठी काय, ते माझ्या नियमात नव्हतं.

“मी साक्ष देतो की ती होती म्हणून,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही तिथं नव्हता, अण्णा.”

“तेही खरंच.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “कडक आहेस हो तू.”

शंभरी एप्रिलमध्ये झाली. सगळे थर वाचून झाले होते, भिंत मुकी होती. सकाळपासून म्हातारी-कोतारी माणसं धोतरं, पॅंटी, साड्या वर खोचून कुंचले मारत होती. चुन्यात डिंक होता, मीठ होतं. चौगुल्यांचा नातू आला होता, आजोबांचं ‘हजर’ कानाला लावून कोपऱ्यात उभा होता. दुपारी टेकडीवरून गरम वारा सुटला आणि ओल्या भिंतीच्या डाव्या टोकाला वाळण्याची कड दिसायला लागली. सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. बोर्ड आता तिथं नव्हता, खळगा बुजवून घेतला होता. गिळलेली नावं बॅचच्या सोबत्यांनी आणि घरच्यांनी कळवली होती, ती पुकारायचं काम माझ्याकडे होतं.

मी नावं घेत गेले. काही ‘हजर’ थरथरत आले, काही ठणठणीत. काहींना उत्तर नव्हतं. तिथं मी थोडी थांबायची, खूण न करता पुढं जायची. मग अठ्ठ्याऐंशीपाशी आले. आईचं नाव मीच यादीत घातलं होतं. पुकारायचं, एवढंच. कुणी ओ देणार नाही हे ठाऊक होतं, पण नाव तरी भिंतीत जाईल.

“बोधे मंदाकिनी.”

वारा होता. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. सगळे पाठमोरे, सगळ्यांच्या शर्टांवर, पदरांवर चुन्याचे शिंतोडे.

“बोधे मंदाकिनी,” मी पुन्हा म्हटलं.

बॅचच्या रांगेत शेवटी, वेताच्या खुर्चीतून, एक फार म्हातारा, ओढून-ताणून बारीक केलेला आवाज आला.

“हजर, सर. जरा सर्दी झालीय.”

कोण हसलं मला माहीत नाही. रशीद तांबोळी असावेत. मग सगळेच हसले, आणि ते हसणं त्या ओल्या भिंतीवर कडेबरोबर उजवीकडे सरकत गेलं. अण्णा मान ताठ करून भिंतीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मी पेन उचललं. आईच्या नावापुढं ‘हजर’ लिहिलं आणि खाली माझी सही केली.

“बरं,” मी म्हटलं. “काढा घे.”

आणि पुढचं नाव घेतलं.